काळजाचा ठोका चुकतो तेव्हा...

एखादी वाईट बातमी अचानक कानी आली, की 'काळजाचा ठोका चुकला' असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. हा वाक्प्रचार वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिला, तर त्यात अर्धेच सत्य सापडते. ठोका चुकल्याची जाणीव होते, त्या वेळी तो बहुधा चुकलेला नसतो. तो वेळेआधीच पडून गेलेला असतो. हृदयात रक्त पुरेसे भरण्यापूर्वी पडलेला हा घाईचा ठोका दुबळा असतो आणि मनगटावरच्या नाडीला तो लागतही नाही. त्यानंतर हृदय किंचित थांबते, त्या अवधीत नेहमीपेक्षा जास्त रक्त साठते आणि पुढचा ठोका आतून कोणी थाप मारावी तसा जोरात पडतो. माणूस दचकतो तो या थापेने. डॉक्टर अशा ठोक्यांना 'एक्टोपिक' म्हणतात. ठणठणीत माणसाच्या छातीवर दिवसभर यंत्र लावून नोंद घेतली, तरी त्यात असे काही ठोके हमखास आढळतात. हृदयाची रचना आणि ताकद चांगली असेल, तर बहुतेकदा त्यांना कोणत्याही औषधाची गरज नसते.

अडचण अशी, की 'छातीत धडधडते' या एकाच तक्रारीच्या पोटी अगदी निरुपद्रवी गोष्टीही दडलेल्या असतात आणि काही मिनिटांत प्राण घेणाऱ्याही. उलट, लय गंभीरपणे बिघडलेली असूनही रुग्णाला त्याचा पत्ताच नसतो, असेही घडते. हृदयविकार म्हटले, की रक्तवाहिन्यांतील अडथळे, अँजिओग्राफी आणि बायपास या गोष्टी शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे येतात. तो झाला हृदयाच्या 'नळकामा'चा भाग. हृदयाला स्वतःचे 'वायरिंग'ही असते, आणि त्यातील बिघाड हा निराळा विषय आहे.

मिनिटाला सरासरी ७२ ठोके धरले, तरी दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात. ते कोणी सांगितल्याशिवाय, झोपेतही पडत राहतात. हा हुकूम येतो कोठून, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीय विद्यार्थी इंग्लंडमधील केंट परगण्यात आर्थर कीथ या आपल्या गुरूच्या घरी मोल या बिळे करणाऱ्या छोट्या प्राण्याच्या हृदयाचे सूक्ष्म काप तपासत होता. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात त्याला पेशींचा एक वेगळाच पुंजका दिसला. १९०७ मध्ये या दोघांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच 'सायनस नोड', शरीराने जन्मतः दिलेला पेसमेकर. त्याच्या एकच वर्ष आधी जर्मनीत काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधील दुवा, म्हणजे 'एव्ही नोड', शोधून काढला होता.

सायनस नोडमधून निघालेली विद्युत लहर आधी वरच्या दोन कप्प्यांत, म्हणजे कर्णिकांत पसरते. मग ती एव्ही नोडपाशी येऊन सेकंदाचा सुमारे दहावा हिस्सा रेंगाळते. हे रेंगाळणे फार मोलाचे आहे. तेवढ्या वेळात कर्णिकांतले रक्त खाली जवनिकांत उतरते. त्यानंतर लहर पुढे सरकते आणि जवनिका आकुंचन पावून रक्त शरीरभर ढकलतात. कार्डिओग्रामच्या कागदावर दिसणाऱ्या चढउतारांत हाच प्रवास उमटलेला असतो. हा आलेख घेण्याचे तंत्र विकसित करणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइनथोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके हे सर्वसाधारण मानले जातात. मात्र हा आकडा तारतम्यानेच वाचायला हवा. नियमित धावणाऱ्या खेळाडूची नाडी पन्नासच्या खाली असली, तरी ते त्याच्या हृदयाच्या सशक्तपणाचे लक्षण असू शकते. ताप, रक्तक्षय, भीती, थायरॉइडचा अतिरेक यांत नाडी शंभरापुढे जाते. तेथे दोष हृदयाचा नसतो, हृदय फक्त हुकूम पाळत असते.

पण सत्तरीतल्या आजोबांची नाडी चाळिसाच्या आसपास आली आणि त्यांना उठता-बसता घेरी येऊ लागली, तर प्रश्न निराळा होतो. घरोघरी अशा वेळी 'वयोमानाने व्हायचेच' म्हणून सोडून दिले जाते. पुष्कळदा मात्र सायनस नोड थकलेला असतो, किंवा वरून येणारी लहर मध्येच अडते. या दुसऱ्या प्रकाराला 'हार्ट ब्लॉक' म्हणतात. रक्तवाहिनीतल्या 'ब्लॉकेज'शी त्याचा घोटाळा करू नये. नावे सारखी वाटली, तरी हे दोन्ही आजार वेगळे आहेत आणि त्यांचे उपचारही. पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये जवनिका स्वतःच्या अतिमंद गतीने चालतात. मध्ये काही सेकंद त्याही थांबल्या, तर मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो.

यावर उतारा म्हणजे पेसमेकर. त्याचा पहिला मानकरी स्वीडनचा आर्ने लार्सन. विषाणूसंसर्गानंतर त्याचे हृदय इतके मंदावले होते, की दिवसातून वीस-तीस वेळा त्याची शुद्ध हरपे. त्याच्या पत्नीने, एल्स-मरी यांनी, अभियंता रूने एल्मक्विस्ट आणि शल्यविशारद ओके सेनिंग यांच्यामागे तगादा लावला. अजून माणसावर वापरण्याजोगे यंत्र तयार नाही, हे उत्तर त्यांनी मानले नाही. अखेर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात लार्सनच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवण्यात आला. बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा वापरून रेझिनमध्ये ओतलेले ते यंत्र काही तासांतच बंद पडले आणि राखून ठेवलेले दुसरे बसवावे लागले. पुढे आयुष्यभरात लार्सनला वीसहून अधिक पेसमेकर लागले. २००१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी त्याचे निधन झाले, तेही कर्करोगाने. तोवर यंत्र बनवणारा एल्मक्विस्ट आणि ते बसवणारे सेनिंग हे दोघेही काळाच्या पडद्याआड गेले होते.

आजचा पेसमेकर हासळीच्या हाडाखाली त्वचेच्या कप्प्यात बसतो. बहुधा केवळ तेवढाच भाग बधिर करून तो बसवला जातो. त्याच्या तारा शिरेतून हृदयात उतरतात. हृदय आपले आपण चालत असेल तर यंत्र गप्प राहते, ते थबकले तरच ठोका देते. बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षे पुरते. औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढा आणि तारेविना थेट हृदयातच बसणारा पेसमेकरही गेल्या दशकात वापरात आला आहे. मात्र तो सर्वांनाच योग्य ठरतो असे नाही. मोबाइल वापरायला हरकत नसते, फक्त तो पेसमेकरवरच्या खिशात न ठेवता दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा.

एक गोष्ट कुटुंबीयांना सहसा कोणी सांगत नाही. पेसमेकर असलेल्या व्यक्तीचे निधन झाल्यास दहनापूर्वी तो काढून घ्यावा लागतो, कारण आगीत बॅटरीचा स्फोट होतो. दुःखाच्या त्या तासाभरात हे कोणाला सुचणे कठीण, म्हणून घरातल्या एखाद्याने तरी ते लक्षात ठेवलेले बरे. अशा काढलेल्या यंत्रांची एक कथा मुंबईशी जोडलेली आहे. अमेरिकेत मृतांच्या नातेवाइकांच्या संमतीने मिळालेल्या पेसमेकरपैकी बॅटरी शिल्लक असलेले ५३ पेसमेकर निर्जंतुक करून २००४ ते २०१० या काळात वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब रुग्णांना बसवण्यात आले. त्यात यंत्रामुळे जंतुसंसर्ग वा बिघाडाच्या गंभीर घटना आढळल्या नाहीत, असा निष्कर्ष पुढे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कायदा आणि उत्पादक मात्र या यंत्रांना एकदाच वापरायची वस्तू मानतात. नवे यंत्र परवडत नाही म्हणून चक्कर येऊन पडणाऱ्या माणसापुढे हा युक्तिवाद कितपत टिकतो, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मंद लयीइतकीच वेगवान लयही छळते. विशी-तिशीतली एखादी तरुणी कामात असताना अचानक, बटण दाबावे तशी, छातीत धडधड सुरू होते. नाडी दीडशे-दोनशेवर जाते आणि काही वेळाने तितक्याच अचानक सारे शांत होते. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत कार्डिओग्राम स्वच्छ. मग 'टेन्शन घेऊ नका' असा सल्ला मिळतो आणि काहींना चिंतेच्या गोळ्याही सुरू होतात. स्त्रियांच्या वाट्याला हे जास्त येते. वास्तविक अचानक सुरू होणे आणि अचानक थांबणे ही या विकाराची सहीच आहे. 'एसव्हीटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात हृदयात एक जादा वाट असते आणि विद्युत लहर तिच्यातून गोल गोल फिरत राहते. भीतीने वाढलेली नाडी हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. हा फरक रुग्णाने नेमका सांगितला, तर निम्मे निदान तेथेच होते.

फिरणारी ही लहर एव्ही नोडपाशी क्षणभर अडवली, की तुटते. त्यासाठीचा एक साधा उपाय २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीने अधिक परिणामकारक करून दाखवला. रुग्णाने अर्धवट बसून १५ सेकंद जोर लावून फुंकायचे, आणि लगेच त्याला सपाट झोपवून त्याचे पाय १५ सेकंद वर उचलून धरायचे. नुसत्या फुंकण्याने १७ टक्के रुग्णांची लय पूर्ववत झाली, तर पाय उचलल्याने ४३ टक्क्यांची. अर्थात निदान झालेले असेल आणि डॉक्टरांनी शिकवले असेल, तरच घरी हा प्रयोग करावा. तो फसल्यास रुग्णालयात शिरेतून अ‍ॅडिनोसिन देतात. त्याने हृदय क्षणभर थबकते आणि रुग्णाला 'आता संपले' असे वाटते. याची कल्पना आधी दिली नाही, तर तो अनुभव विसरता येत नाही. औषधाचा अंमल मात्र काही सेकंदांतच ओसरतो.

वारंवार त्रास होणाऱ्यांसाठी 'कॅथेटर अ‍ॅब्लेशन' हा उपाय आहे. जांघेतल्या शिरेतून बारीक तारनळ्या हृदयात नेऊन आधी विद्युत नकाशा काढायचा आणि ती जादा वाट उष्णतेने निकामी करायची. छाती उघडावी लागत नाही. एसव्हीटीच्या नेहमीच्या प्रकारांत शंभरांतील पंचाण्णवांच्या आसपास रुग्ण यातून कायमचे मोकळे होतात. आयुष्यभर गोळ्या घेण्यापेक्षा हा मार्ग सरस, असे मानण्यास जागा आहे. तरी एव्ही नोडच्या निकटच्या वाटेवर काम करताना त्याला इजा होऊन पेसमेकर लागण्याचा थोडा धोका असतो, हे रुग्णाला आधी कळले पाहिजे.

सर्वाधिक आढळणारा, आणि म्हणूनच सर्वाधिक नुकसान करणारा, दीर्घकालीन लयबिघाड म्हणजे 'एट्रियल फिब्रिलेशन'. यात कर्णिका आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला ३५० ते ६०० या गतीने नुसत्या थरथरतात. एव्ही नोड त्यातल्या काहीच लहरी खाली सोडतो, त्याही कोणत्याही क्रमाविना. त्यामुळे नाडीला कसलाच ठेका राहत नाही. धडधड, दम लागणे, थकवा ही लक्षणे काहींना जाणवतात, काहींना मुळीच नाही. खरा धोका पुढे आहे. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचते आणि डाव्या कर्णिकेला असलेल्या कानाच्या पाळीसारख्या छोट्या पिशवीत गुठळी धरते. ती सुटून मेंदूकडे गेली, की पक्षाघात. या विकाराने पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. हात-पाय लुळे पडल्यावर रुग्णालयात काढलेल्या कार्डिओग्राममध्येच ही लय पहिल्यांदा दिसावी, असे अनेकांच्या बाबतीत होते.

म्हणून या आजारात 'ठोके कसे ताळ्यावर आणायचे' याच्याआधी 'गुठळी कशी टाळायची' हा प्रश्न येतो. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, पूर्वीचा पक्षाघात अशा बाबींना गुण देऊन रक्ताची गुठळी रोखणारे औषध द्यायचे की नाही ते ठरवतात. पुष्कळ घरांत 'रक्त पातळ राहावे' म्हणून अ‍ॅस्पिरिनवर समाधान मानले जाते. या कामासाठी ती पुरेशी नाही. जुने खात्रीचे औषध म्हणजे वॉरफरिन. अमेरिकेत सडलेले गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत, त्या कोड्याचा शोध घेताना विस्कॉन्सिन विद्यापीठात या औषधाचा माग लागला. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी. मात्रा नेमकी राखण्यासाठी 'आयएनआर' ही रक्तचाचणी वरचेवर करावी लागते. बहुतेकांत ती २ ते ३ च्या दरम्यान असावी लागते. पालक-मेथी पूर्ण बंद करण्याची गरज नसते, मात्र प्रमाण रोज साधारण सारखे हवे. गेल्या दशकात आलेल्या नव्या औषधांना ही चाचणी लागत नाही. पण भारतात त्याला एक मोठा अपवाद आहे. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने मिट्रल झडप आकसलेले रुग्ण आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत. अशा रुग्णांत नव्यापैकी एका औषधाची तुलना वॉरफरिनच्या गटातील जुन्या औषधांशी केली असता जुनीच सरस ठरली, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवले. नवे ते चांगलेच, हा समज येथे महागात पडू शकतो.

त्यानंतर प्रश्न लयीचा. काहींत औषधांनी केवळ गती आटोक्यात ठेवणे पुरते; काहींत मूळ लय परत आणणे हितावह असते. फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हैसागेर यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की या थरथरीची ठिणगी बहुधा फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. तेव्हापासून त्या शिरांची तोंडे विद्युतदृष्ट्या वेगळी करणे हा अ‍ॅब्लेशनचा गाभा बनला. उष्णता वा अतिशीतलता यांऐवजी विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी हे काम करणारे तंत्र २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झाले. यश येथे एसव्हीटीइतके हुकमी नसते. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. वजन, रक्तदाब, मद्यपान आणि झोपेत श्वास अडकणे याकडे दुर्लक्ष केले, तर तिचाही उपयोग टिकत नाही.

लयीवरची औषधे हा दुधारी विषय आहे. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लव्ह या वनस्पतीच्या गुणांवर पुस्तक लिहिले. त्यातूनच डिजॉक्सिन आले. त्याच जातकुळीतली द्रव्ये आपल्या अंगणातल्या बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बियांत असतात आणि त्या खाल्ल्यास हृदय घातक रीतीने मंदावते. बचनागाच्या विषानेही लय अशीच कोलमडते. औषध आणि विष यांतील अंतर किती कमी आहे, याचा धडा १९८९ मध्ये आधुनिक वैद्यकालाही मिळाला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर एक्टोपिक ठोके दाबून टाकले, तर रुग्ण वाचतील अशी सर्वांची खात्री होती. अमेरिकेतील 'कास्ट' या चाचणीत ठोके दबलेही. पण औषध घेणारेच जास्त दगावले आणि त्या औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. कार्डिओग्राम सुधारणे म्हणजे रुग्ण सुधारणे नव्हे, हे तेव्हापासून हृदयतज्ज्ञांच्या मनावर कोरले गेले आहे. अमिओडेरोन हे आजचे प्रभावी औषधही थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसांवर परिणाम करते; त्याच्या जोडीला ठरावीक काळाने तपासण्या हव्यातच.

सर्वांत भयंकर बिघाड म्हणजे जवनिकांची थरथर, 'व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन'. यात हृदय रक्त ढकलतच नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते, नाडी नसते, श्वास थांबतो किंवा आचके येतात. १२ जून २०२१ रोजी युरो फुटबॉल स्पर्धेत कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन जगाच्या डोळ्यांदेखत कोसळला तो हृदय असे बंद पडल्याने. त्याच्या छातीवर तातडीने दाब देण्यात आला, विजेचा झटका देण्यात आला आणि मैदानावरून बाहेर नेताना तो शुद्धीवर होता. नंतर त्याच्या शरीरात 'आयसीडी' बसवण्यात आला. इटलीच्या नियमांनुसार त्याला तेथील इंटर मिलान संघातून खेळता येईना. पण २०२२ मध्ये तो इंग्लंडमध्ये मैदानात उतरला आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने गोलही केला.

आयसीडी म्हणजे शरीरात बसलेला पहारेकरी. घातक लय ओळखून तो आतल्या आत विजेचा झटका देतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या अशाच आकस्मिक मृत्यूने अस्वस्थ झालेल्या मिशेल मिरोव्स्की यांनी, नामवंतांची टीका सोसून, हे यंत्र साकारले. ४ फेब्रुवारी १९८० रोजी ते अमेरिकेत प्रथम माणसात बसवले गेले. हा झटका छातीवर लाथ बसावी तसा लागतो आणि पुन्हा बसेल या धास्तीने काही रुग्ण घराबाहेर पडेनासे होतात. जीव वाचतो, पण त्याची ही किंमत डॉक्टरांनीही हिशेबात धरायला हवी.

आपल्याकडे रस्त्यात कोणी कोसळले, की गर्दी जमते, तोंडावर पाणी मारले जाते, कोणी कांदा तर कोणी चप्पल हुंगवतो, कोणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततो. हृदय बंद पडले असेल, तर झटका मिळण्यास लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. हलवून, हाक मारून माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ वर फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करावी. बरगडी मोडण्याच्या भीतीने थांबू नये. जवळपास 'एईडी' यंत्र असेल तर ते मागवावे. चालू केले की काय करायचे ते यंत्रच बोलून सांगते.

धडधडीची प्रत्येक तक्रार अशी टोकाची नसते, हे पुन्हा सांगायला हवे. मात्र श्रम करताना शुद्ध हरपणे, धडधडीसोबत छातीत दुखणे किंवा दम लागणे, आधीपासून हृदय दुबळे असणे, किंवा घराण्यात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काही असेल तर विलंब करू नये. निदानाची खरी गुरुकिल्ली म्हणजे त्रास चालू असतानाचा कार्डिओग्राम. त्यासाठी २४ तासांचा होल्टर असतो, आठवडाभर चिकटवून ठेवायची पट्टी असते, आणि आता मनगटी घड्याळेही आहेत. सुमारे ४ लाख १९ हजार जणांच्या अमेरिकी अभ्यासात घड्याळाने जेमतेम अर्ध्या टक्का लोकांना अनियमित नाडीचा इशारा दिला. त्यांपैकी ज्यांनी नंतर पट्टी लावून घेतली, त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांतच एट्रियल फिब्रिलेशन सापडले. म्हणजे घड्याळाचा इशारा दुर्लक्षू नये, पण त्यालाच निदानही समजू नये. घड्याळ नसलेल्यांसाठी मनगटावरची दोन बोटे आहेतच. साठीनंतर अधूनमधून पूर्ण मिनिटभर नाडी मोजावी, आकड्याइतकेच ठेक्याकडे लक्ष द्यावे, आणि धडधड सुरू असताना जवळच्या दवाखान्यात काढून घेतलेला कार्डिओग्राम, तो कितीही जुना असला तरी, फाइलीत जपून ठेवावा. शाई उडून जाणाऱ्या त्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवली तर अधिकच चांगले.